टूर बघायला पहिल्यांदा जातोयस तर

ग्रेनोबलला भावाकडं जातोयस आणि टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत गाठणार म्हणतोस, भारीच की रे! आल्प द्युएझचा डोंगरी चढ दरवर्षी मार्गात नसतो, तेवढं आधी बघ. असला तर चढावरच थांब. सपाटीवर सगळा घोळका काही सेकंदांत सटकतो.

खरी मजा वाट बघण्यात आहे. सायकली यायच्या जवळपास दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्या टोप्या, बिस्किटं उधळत जातात. नवखा झडप घालतो. तू शेजारच्या पोराला घेऊ दे, त्याच्या आईबापाशी ओळख तिथंच होते. 'बोंज्यूर' म्हण, आवडता सायकलस्वार विचार, डबा पुढं कर. कुंदा न्यायचा मोह मात्र आवर, बाहेरचे दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. चिवडा चालतो. मराठी-कन्नड मिसळून बोलणाऱ्या बेळगावकराला मोडक्या भाषेची लाज कसली?

आल्प द्युएझच्या 21 वळणांपैकी 7 क्रमांकाच्या वळणावर डच लोकांचा दंगा असतो. पहिल्या खेपेला थेट तिथं नको, दोन वळणं सोडून उभा राहा.

नेहमीच्या चुका:
- शर्यतीकडं पाठ करून फोटो काढणं. 2021 च्या पहिल्याच टप्प्यात एक बाई कॅमेऱ्याकडं बघत फलक घेऊन रस्त्यात आली. सायकलस्वार टोनी मार्टिन आदळला, मागचे कित्येक त्याच्यावर.
- खेळाडूला ढकलणं, सोबत पळणं.
- उशिरा निघणं. रस्ता कित्येक तास आधी बंद होतो.

सह्या सुरुवातीच्या गावात, संघांच्या बसजवळ मिळतात. ते पुढच्या खेपेला सांगतो.