वडिलांना ब्रेन हॅमरेज झालंय. डी-डायमर खूप वाढलाय, आयएनआर १.१ आहे. पुन्हा रक्तस्राव होईल का?

डी-डायमरला एवढं घाबरू नका. रक्ताची गाठ विरघळायला लागली की तिचे तुकडे रक्तात उतरतात, ते हे. मेंदूत रक्त साचलं की तिथेही गाठ बनते. साध्या न्यूमोनियातसुद्धा हा आकडा वाढतो. फार वाढलेला असेल तर दुखणं जड आहे एवढं कळतं, पण एकट्या त्यावरून पुन्हा रक्त वाहील की नाही हे कुणी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही, चोपड्याकडचा केळीवाला. पण आमच्या घरात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा (जितका जास्त तितकं रक्त उशिरा गोठतं), हा केळीच्या भावाइतकाच बोलण्यातला विषय आहे.

आबांना हृदयात मायट्रल झडप बसवलेली, धातूची. ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी रोज, आयएनआर अडीच ते साडेतीनच्या आत ठेवायचा. मे महिन्यात पारोळ्याच्या लग्नात शेवभाजी बाधली. दादाने मेडिकलवरून जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आणून पाच दिवस दिली. सहाव्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर दाढी करत होते, हनुवटीला जरासं कापलं. तीनदा तुरटी फिरवली तरी पंचा लाल होतच राहिला. "नवी पत्ती शे," आबा म्हणाले. मीही हसलो. दुपारी उजव्या हातातून भाकरी गळाली, जीभ अडखळली.

जळगावला पोचायला दीड तास. सीटीत डाव्या बाजूला रक्तस्राव, आयएनआर ६.८. सुई टोचलेल्या जागचा कापूस भिजतच होता. व्हिटॅमिन के लगेच दिलं, पण यकृताने गोठवणारे घटक नव्याने बनवायचे म्हणजे तासांचं काम. तोवर प्लाझ्मा, म्हणजे हे घटक तयार असलेला रक्तातला पातळ भाग. तो बर्फासारखा गोठवून ठेवलेला असतो, वितळेपर्यंत ब्लड बँकेच्या बाकावर बसून राहायचं. दादा आणि मी त्या बाकावरच भांडलो.

दादा आजही चारचौघांत म्हणतो, रक्त पातळ करायच्या गोळीने घात केला. साफ चूक. ती गोळी नऊ वर्षं चालू होती. घात केला तो न विचारता दिलेल्या जुलाबावरच्या गोळीने. ती ॲसिट्रॉमचा जोर वाढवते. आणि चार महिने तपासणी चुकली होती. ती पाळी माझी होती, हेही लिहून टाकतो.

तुमचं म्हणाल तर १.१ बघून निर्धास्त होऊ नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटू न देणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर त्यांचा परिणाम आयएनआरमध्ये दिसत नाही, प्लेटलेटची संख्याही नॉर्मल येते. घरातली सगळी गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. रक्त पसरायचा धोका पहिल्या २४ तासांत जास्त, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत. दुसरा सीटी झाला का, बीपी कितीवर ठेवलाय, ते विचारा.

आणि हो, हे वाचून कुणी आपल्या मनाने ॲसिट्रॉम बंद करू नका. आबांचीही डॉक्टरांनी काही आठवड्यांनी परत सुरू केली; धातूची झडप म्हटल्यावर दुसरा इलाज नाही. आता तपासणीला मीच नेतो. दादा माझ्याशी बोलत नाही, पण रिपोर्ट आला की माझ्या पोराला फोन करून आकडा विचारून घेतो.