टँकरच्या पाण्याचे डाग आणि स्लायडिंगच्या खिडक्या

पुण्यात वाघोलीला सातवा मजला, टँकरचं पाणी, थ्री ट्रॅक स्लायडिंग (म्हणजे तीन खाचांत सरकणारी दोन काचेची शटरं आणि एक जाळीचं), काचेवर पांढरे ठिपके जे निळा स्प्रे मारून पेपरने कितीही घासले तरी हलत नाहीत, आणि दिवाळीला सासूबाई यायच्यात, तर काच साफ करायची कशी. तुमचा प्रश्न वाचला आणि म्हटलं जरा सविस्तरच लिहू, कारण मी धायरीला 18 वर्षं ॲल्युमिनियम स्लायडिंगचं फॅब्रिकेशन केलंय आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की दोनच तक्रारी असायच्या, एक म्हणजे शटर सरकत नाही आणि दुसरी हीच तुमची. (आमच्या घरच्या खिडक्या कशा असतात ते बायकोला विचारू नका.)

आधी ठिपक्यांचं. ते मळ नाहीयेत, क्षार आहेत. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, काचेवर उडालेलं पाणी वाळतं आणि कॅल्शियम तिथंच बसतं, गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडावर जो पांढरा थर येतो ना तोच हा. स्प्रे धूळ आणि तेलकटपणा काढतो, क्षाराला तो हात लावत नाही, त्यामुळे तुम्ही घासून घासून खांदा दुखवून घेतलात तरी उपयोग शून्य. याला आंबटच लागतं. किराण्याच्या दुकानात ढोकळ्यासाठी लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) मिळतं ते आणा, 1 लिटर कोमट पाण्यात 2 मोठे चमचे. पांढरं व्हिनेगर पण चालतं पण घरभर वास सुटतो आणि महाग पडतं. आता हे पाणी नुसतं फवारलं तर ओघळून खाली जातं, म्हणून जुना सुती कपडा किंवा टिश्यू त्यात बुडवून डागावर चिकटवून ठेवायचा, 10-15 मिनिटं, वाळू द्यायचा नाही. मग मऊ स्पंजने गोल गोल. तारेची घासणी अजिबात नको, त्याचे ओरखडे संध्याकाळच्या तिरक्या उन्हात जन्मभर दिसतात. एकदा नाही गेलं तर दोनदा, तीनदा करा. तिसऱ्यांदाही तसंच राहिलं तर समजा काचच खाल्ली गेलीय, मग ते पॉलिशवाल्याचं काम, सिरियम ऑक्साइड लावून मशिनने करतात.

लिंबूसत्व वापरताना दोन ठिकाणी जपायचं. एक खालची ओटी, आपल्याकडे खिडकीला मार्बल नाहीतर कडप्पा लावलेला असतो आणि दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड, आंबट पडलं की पॉलिश जाऊन पांढरट चट्टा पडतो तो कायमचा. ग्रॅनाइट असेल तर एवढी भीती नाही. तरी खाली जाड टॉवेल अंथरूनच काम करा. दुसरं ॲल्युमिनियम, त्यावर ओघळ गेला तर लगेच साध्या पाण्याने पुसून घ्यायचा. आणि बाथरूमचं ॲसिड, कृपा करून नाही! माझ्याकडच्या एका पोराने काचेवरचं सिमेंट काढायला ते वापरलं होतं, काच चकाचक झाली, फ्रेम मात्र खरखरीत आणि पांढरी पडली, चार शटर मी स्वतःच्या खिशातून बदलून दिली. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमवर नको, तो पण खातो. आणि ब्लीचचं पाणी आणि आंबट कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

बरं, सिमेंटवरून आठवलं. शेजारी बिल्डिंगचं काम चालू असेल किंवा तुमच्याच सोसायटीत बाहेरून प्लास्टर-रंग चालू असेल तर काचेवर उडालेले शिंतोडे त्याच दिवशी धुवा. राहू दिले की ओल्या सिमेंटचा अल्कली काचेला लागतो आणि तो डाग मग लिंबूसत्वालाही ऐकत नाही.

आता क्रम. लोक आधी काच पुसतात आणि मग जाळी झटकतात, की परत सगळी धूळ काचेवर. काच सगळ्यात शेवटी. आधी जाळी, मग ग्रील, मग ट्रॅक, मग काच. जाळीचं शटर दोन्ही हातांनी वर उचला, वरच्या खाचेत दोनेक सेंटिमीटर जागा असते, खालची बाजू आत ओढली की निघतं. निघत नसेल तर वर स्टॉपरचा स्क्रू असेल, तो सैल करा. बाथरूममध्ये उभी करून दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ ब्रश, शॉवर, झालं. जोरात दाबू नका, जाळी खाचेतल्या रबरातून सुटते. काचेची शटरंही अशीच निघतात आणि मग बाहेरची बाजू घरात बसून धुता येते, पण अडीच बाय चार फुटाचं 5 एमएम काचेचं शटर फ्रेमसकट 12-13 किलोच्या आसपास जातं, दोन माणसं असतील तरच काढा, आणि बाहेर ग्रील नसेल तर सातव्या मजल्यावर ते धाडस करूच नका, हातातून सुटलं तर खाली पार्किंगमध्ये कोण उभं असेल काय सांगावं. ओटीवर उभं राहून बाहेर हात घालून पुसायचं हे तर नाहीच नाही, कामवाल्या मावशींनाही ते करायला लावू नका.

ट्रॅक. माझ्या मते खिडकीची साफसफाई म्हणजे ऐंशी टक्के ट्रॅक. पहिलं पाणी ओतायचं नाही, चिखल होतो आणि तो शटरखालच्या बेअरिंगमध्ये, म्हणजे चाकांत, जातो. आधी रंगाचा एक इंची कोरडा ब्रश घेऊन धूळ एका टोकाला ओढा, व्हॅक्यूम असेल तर उत्तम, मग ओला जुना टूथब्रश, मग पातळ उलथन्याला फडकं गुंडाळून खाचेतून फिरवा. आणि आता महत्त्वाचं, ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीत खाली बारीक लांबट भोकं असतात, आतलं पाणी बाहेर जायला. ती मातीने बुजली की पावसाळ्यात ट्रॅक भरतो आणि पाणी सरळ हॉलमध्ये. "खिडकी गळते, सिलिकॉन मारून द्या" असं म्हणणाऱ्या निम्म्या घरांत मी झाडूच्या काडीने भोकं मोकळी केली आणि चहा पिऊन आलो. काही शहाणे त्यावर सिलिकॉन मारून भोकंच बंद करून ठेवतात, मग काय बोलणार. हे काम दिवाळीला कराच पण मे महिन्यात पावसाळ्याच्या आधी परत एकदा करा, विशेषतः पश्चिमेच्या खिडक्यांचं, पावसाचा मारा तिकडूनच. बेअरिंगला तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून महिन्यात काळं लोणी होतं. कोरड्या ट्रॅकवर साधी मेणबत्ती घासा नाहीतर सिलिकॉन स्प्रे मारा.

कबुतरं असतीलच. त्यांची घाण कोरडी झाडायची नाही, ती धूळ फुप्फुसाला वाईट. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने भिजवून 10 मिनिटं थांबा, मग ओल्या कागदाने उचला. घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

आणि मग काच. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि पट्टे उठतात. अर्ध्या बादलीला साबणाचे तीन-चार थेंब, बास, फेस आला म्हणजे जास्त झालं. स्पंजने ओली करा, मग दहा-बारा इंची रबराचा वायपर बाहेरून वरून खाली आणि आतून आडवा ओढा, प्रत्येक ओढीनंतर रबर कोरड्या फडक्यावर पुसून. वायपर बोहरी आळीत किंवा मंडईजवळ साधा मिळतो, रबराची धार एकसारखी आहे ना ते बोट फिरवून बघून घ्या, बाकी ब्रँड वगैरे काही नाही. शेवटी कडांवरून मायक्रोफायबर. आतून आडवं आणि बाहेरून उभं पुसलं की पट्टा दिसला तर कुठल्या बाजूचा आहे ते लगेच कळतं. पेपरबद्दल विचारलंत, पेपर वाईट नाही, पाणी शोषतो आणि धागे सोडत नाही, पण शाई पांढऱ्या फ्रेमला लागते आणि गुळगुळीत पुरवण्या तर काही कामाच्या नाहीत.

पण तुमच्या बाबतीत खरी गोम शेवटच्या पाण्यात आहे. टँकरच्याच पाण्याने धुवून वाऱ्यावर वाळू दिलंत तर आठवड्यात तेच ठिपके परत. शेवटचा हात एसीच्या ड्रेन पाइपच्या पाण्याने द्या, ते हवेतलंच पाणी, क्षार जवळजवळ नसतात, बादली लावून ठेवली की एका रात्रीत काही लिटर जमतं. दिवाळीत एसी बंद असेल तर आरओचं प्यायचं पाणी एक-दोन तांबे पुरे. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको, बरेच जण काटकसर म्हणून तेच वापरतात आणि त्यात क्षार उलट जास्त असतात! ते फरशीला वापरा. आणि काचेवर एक थेंबही आपोआप वाळू देऊ नका, पुसूनच कोरडं करायचं.

मॅग्नेटवाला ब्रश (एक तुकडा काचेच्या आत, एक बाहेर, चुंबकाने एकमेकांना धरलेले) घेऊ का विचारलंय. घ्या, पण आधी काचेची जाडी मोजा आणि तेवढ्या जाडीचाच घ्या, कमी ताकदीचा असेल तर बाहेरचा तुकडा सुटतो आणि दुहेरी काचेला साधा चालतच नाही. दोरी मनगटाला बांधल्याशिवाय लावू नका. काचेवर ऊन अडवायची फिल्म असेल तर ब्लेड आणि स्प्रे दोन्ही लांब ठेवा.

ट्रॅकमध्ये भोकं शोधून सापडलीच नाहीत तर बिल्डरच्या फॅब्रिकेटरने ती पाडलीच नसतील, घाईच्या कामात असं होतं, आम्हीही केलंय. 6 एमएमच्या ड्रिलने दहा मिनिटांचं काम आहे, पण बाहेरून पाडायचं असतं त्यामुळे माणूस बोलवा, स्वतः करू नका.