शिल्पकाराने सिनेमाच्या प्रतिमांवरून मुद्राचित्रे करणे म्हणजे शिल्पापासून पळ काढणे आहे का?

ब्रिटिश शिल्पकार एदुआर्दो पाओलोझी यांची मुद्राचित्रे, म्हणजे छापून काढलेली चित्रे, पाहून आपण विचारले आहे की, चांगला शिल्पकार असलेल्या माणसाने सिनेमातल्या प्रतिमा छापण्याच्या फंदात का पडावे आणि त्या कामाला जोडधंद्याहून अधिक मोल द्यावे का. हाच प्रश्न, याहून बराच तिखट करून, मला भर वर्गात ऐकवला गेला होता, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

कोल्हापुरात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला असताना, बंद पडलेल्या एका चित्रपटगृहाच्या भंगारात मला मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड सापडल्या. त्यांपैकी साबणाच्या एका जाहिरातीत नायिकेचा चेहरा होता आणि तिच्या गालावरच्या थराची खपली उडालेली होती. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदाराने रात्री दुकान बंद झाल्यावर मला त्याच्या स्क्रीनप्रिंटच्या, म्हणजे जाळीतून शाई ओढून छापायच्या, चौकटी वापरू दिल्या. तिसरा रंग ओढताना कागद केसभर सरकला आणि खपलीच्या काठाने एक बारीक निळी रेघ उमटली. त्या रेघेने तो गाल कागदावरून वर आल्यासारखा दिसू लागला. जो उठाव मी महिनाभर मातीत शोधत होतो, तो मला शाईच्या चुकीत मिळाला. आमच्या शिक्षकांनी ते प्रूफ दोन बोटांत धरून पाहिले आणि म्हणाले, “मातीत हात घालायचा कंटाळा आला की असले सुचते.” वार्षिक प्रदर्शनात माझी तीन मुद्राचित्रे शिल्पविभागात लागलीच नाहीत, ती जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी लागली.

पाओलोझींची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली आणि तेव्हा त्या शिक्षकांना पत्र लिहावेसे वाटले. १९२४ साली एडिंबराजवळच्या लीथ बंदरात, आइस्क्रीमचे दुकान चालवणाऱ्या इटालियन कुटुंबात जन्मलेला हा माणूस अमेरिकी मासिकांतली कात्रणे १९४०च्या दशकापासून चिकटवत होता. १९५०च्या दशकातील त्यांचे ब्राँझ पुतळे जवळून पाहिले, तर अंगभर दातेरी चाके, खेळण्यांचे तुकडे, यंत्रांचे सुटे भाग यांचे ठसे दिसतात. या वस्तू ते ओल्या मातीत दाबत, त्या ठशांवरून मेणाचे पत्रे काढत, ते पत्रे कापून एकमेकांना जोडत आणि मग ब्राँझमध्ये ओतत. ठसा घेणे, कापणे, जोडणे: मुद्राचित्रणाची सगळी क्रिया त्या पुतळ्यात आधीच झालेली आहे. म्हणून १९६५ साली ‘ॲज इज व्हेन’ ही बारा स्क्रीनप्रिंटांची मालिका त्यांनी केली, तेव्हा ते शिल्पापासून तसूभरही हलले नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही मालिका तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइन यांच्यावर आहे आणि तिच्यातले एक चित्र चित्रपटगृहात हॉलिवूडची नटी बेटी ग्रेबलवर लुब्ध झालेल्या विटगेनस्टाइनचे आहे. त्यांचे सिनेमाचे वेड काल्पनिक नाही. व्याख्यान देऊन थकलेला हा माणूस थेट सिनेमाला जाई आणि पहिल्या रांगेत बसे, म्हणजे पडद्याखेरीज डोळ्यांना दुसरे काही दिसू नये. अशा माणसाचा पारंपरिक अर्धपुतळा करून काय हाती लागले असते? पट्टे, चौकटी आणि यंत्रासारखे नमुने यांच्या दाटीत त्याला बसवणे हेच मला खरे व्यक्तिशिल्प वाटते.

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. पहिली अशी की, त्या स्टेन्सिली बसवल्या आणि छापल्या लंडनच्या केल्प्रा स्टुडिओतील मुद्रक क्रिस प्रेटर यांनी. त्या हाताचे श्रेय शिल्पकाराच्या खात्यावर जमा करणे योग्य नाही. दुसरी अशी की, पुष्कळ शिल्पकारांची मुद्राचित्रे ही खरोखरच रेखाटनांच्या विकाऊ प्रती असतात आणि त्यांच्याबाबतीत आपली शंका रास्त आहे. शिल्प आणि मुद्राचित्र शेजारी ठेवून, दोन्हींत हाताची सवय एकच आहे का, एवढे तपासावे. पाओलोझींपुरते करायचे असेल, तर एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनाकडे दोन्ही प्रकारच्या कामांचा मोठा संग्रह आहे.

आमच्या वर्गातही हे तपासता आले असते. शिक्षकांच्या खुर्चीमागे बाबूराव पेंटरांचा फोटो होता आणि दर वर्षी त्याला हार घातला जाई. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, स्वतः कॅमेरा तयार करून चित्रपट काढले आणि त्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवली. माझी तीन चित्रे जिन्याखाली गेली त्या दिवशीही त्या फोटोवर ताजा हार होता.