आधी जाऊन ये

पोरी,

तुझा निरोप परवा रात्री अकराला आला. तेव्हाच दोनदा वाचला, सकाळी पुन्हा वाचला. फेलोशिपा आणि अनुदानांच्या पाच लिंका, प्रत्येकीची मुदत, प्रत्येकीला हवा असलेला विषय, आणि शेवटी तुझा प्रश्न : "काका, यंदा हवामान बदलावर जास्त पैसा आहे म्हणतात. ऊसतोड त्यात बसवता येईल का?"

त्याच निरोपात मधेच एक ओळ आहे. लिहिताना तुझंही तिच्याकडे लक्ष नसावं. गेल्या महिन्यात त्या परदेशी पत्रकाराला घेऊन तू सांगलीकडच्या उसाच्या फडावर गेलीस, तेव्हा तोडकऱ्यांच्या एका कोपीत, म्हणजे खोपटात, मेढीला टांगलेलं कॅलेंडर पाहिलंस. तिथल्या बाईनं नवऱ्याचे आणि आपले खाडे लेकीच्या पेन्सिलीनं तारखांवर फुल्या मारून मांडून ठेवलेत, कारण टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीवर तिचा भरवसा नाही. एवढं लिहिलंस आणि पुन्हा हवामानाकडे वळलीस.

मला राग आला तो तिथे.

ऊसतोड हवामानात बसेल, का नाही बसणार? पाऊस लांबला, कापूस गेला, म्हणून कोयता उचलला, असं लिहिलं की झालं, आणि ते खोटंही नाही. पण तू पाच अर्ज समोर मांडून त्यांना शोभेल अशी बातमी शोधायला निघाली आहेस. असं करू नकोस. आधी जाऊन ये. त्याच कोपीत, त्याच बाईकडे, पाहुणा सोबत नसताना. अर्जाचं नंतर बघू.

हे मी इतक्या हट्टानं का सांगतो ते ऐक. १९९६ साली मलाही एक फेलोशिप मिळाली होती. देणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्या वर्षी त्यांना बचत गटांच्या यशोगाथा हव्या होत्या, आणि मी तसा विषय लिहून पाठवला. त्याच उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावरची एक बाई माझ्या दारात आली आणि पदराखालून हजेरीपटाचं एक पान काढून दिलं. कुठून मिळवलं ते मी विचारलं नाही. पाझर तलावाचं काम होतं. सहीच्या रकान्यात निळे अंगठे. मी भिंग घेऊन बसलो. एका अंगठ्यावर तिरपी चीर होती, विळ्यानं कापल्यासारखी. तीच चीर त्या पानावर अकरा नावांपुढे होती.

मी ते पान पत्र्याच्या पेटीत ठेवलं. म्हटलं, फेलोशिप आटोपली की हे करू. सहा महिने बचत गटांच्या बैठकांना बसलो, अहवाल इंग्रजीत करून घेतला, पैसे मिळाले. मुलीच्या दवाखान्याची उधारी त्यातून फिटली. ते मी नाकारत नाही, आणि त्या वेळी बापानं दुसरं काय करायला हवं होतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. पण पाझर तलावाकडे गेलो तोवर दीड वर्ष उलटलं होतं. ती बाई गाव सोडून गेली होती, मागे राहिलेल्यांपैकी कुणी तोंड उघडेना. ते पान अजून माझ्याकडे आहे. शाई फिकी झालीय. चीर दिसते.

तू म्हणशील, पैशाशिवाय जायचं कसं? बरोबर आहे, आणि अनुदानं त्यासाठीच असतात. पण ती कुणाला लागू पडली ते बघ. १९६९ साली सीमोर हर्श नावाचा मुक्त पत्रकार होता. व्हिएतनाममधल्या गावकऱ्यांच्या हत्येबद्दल एका अधिकाऱ्यावर लष्करात खटला चालू आहे, एवढी कुणकुण त्याला लागली. मग त्याला अमेरिकेतल्या एका नव्या निधीतून २५० डॉलर मिळाले. निधीचं नाव फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम. त्यावर तो माग काढत फोर्ट बेनिंगच्या छावणीपर्यंत गेला आणि त्या अधिकाऱ्याला, लेफ्टनंट कॅलीला, शोधून त्याच्याशी बोलला. पुढे त्याच निधीनं आणखी २,००० डॉलर दिले. मोठ्या मासिकांनी नाकारलेला तो मजकूर एका लहानशा वृत्तसेवेनं पाठवला आणि तीसहून अधिक वर्तमानपत्रांनी छापला. माय लायचं हत्याकांड जगाला असं कळलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आता सांग, "यंदा कुठल्या विषयाला पैसा आहे" असं विचारत तो बसला असता तर?

लांब कशाला जायचं? पी. साईनाथ मुंबईत साप्ताहिकात होते. १९९३ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाची फेलोशिप घेऊन ते देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत फिरले, आणि पुढच्या दीडेक वर्षात त्या फिरण्यातून ८४ वृत्तांत आले. विषय त्यांनी स्वतः निवडला होता, तोही शेअर बाजार आणि खुल्या अर्थव्यवस्थेखेरीज कुणाला काही सुचत नव्हतं अशा काळात. फेलोशिप संपली तरी त्यांचं फिरणं थांबलं नाही. आज त्यांनी काढलेल्या पारी या संकेतस्थळावर मराठीत ऊसतोडीवरचे इतके लेख वाचायला मिळतात, त्याचं मूळ तिथे आहे. तू ते वाचतेस, मला ठाऊक आहे. मग हा प्रश्न तुला पडलाच कसा?

बरं. तुझ्या पाच लिंकांपैकी दोन मुळात बातमीसाठीच्या नाहीत. नीमन फेलोशिप हार्वर्डमध्ये १९३८ पासून आहे. मिलवॉकीच्या एका वृत्तपत्राच्या संस्थापकाच्या विधवेनं ठेवलेल्या देणगीतून ती उभी राहिली. तिथे वर्षभर वर्गांत बसायचं, वाचायचं, विचार करायचा. पदवी मिळत नाही. पूर्णवेळ कामाचा किमान पाच वर्षांचा अनुभव मागतात, तुझी तीन झालीत. ती लिंक बंद कर. ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूटची फेलोशिपही तशीच, काम करून थकलेल्या माणसानं मागे वळून बघण्यासाठी. दहा वर्षांनी जा, मी शिफारसपत्र लिहीन, असलो तर.

तिसरी पुलित्झर सेंटरची. नावावरून गोंधळू नकोस. ही वॉशिंग्टनमधली २००६ सालची स्वतंत्र संस्था आहे, पारितोषिकं देणारे वेगळे. ही संस्था वार्तांकनाचा खर्च देते, म्हणजे तुझ्या कामाची. ते विचारतील : काय सांगायचं आहे, किती खर्च, छापणार कोण. यातल्या पहिल्या प्रश्नाला तुझ्याकडे आज काय उत्तर आहे? "ऊसतोड कामगारांवरील हवामान बदलाचे परिणाम." हा विषय नाही गं, हा परिसंवादाचा फलक आहे. जाऊन आलीस की उत्तर असेल : अमुक फडावरच्या एका बाईनं अख्ख्या हंगामाचा हिशेब कॅलेंडरवर ठेवलाय, मुकादमाची वही वेगळं सांगते, आणि उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटली का नाही हे या दोन कागदांमधल्या फरकावर ठरतं. असं वाक्य घरी बसून कुणाला सुचत नाही.

खर्चाचा तक्ता खरा कर. एसटीचं तिकीट, मुक्काम, दुभाष्याची गरज नाही म्हणून दुभाष्याचा खर्च शून्य. हा शून्य ठळक लिही. त्या परदेशी पाहुण्याला तुझे पैसे मोजावे लागले होते.

त्यावरून आठवलं. तू लिहिलंस की त्यानं तुला दिवसाचे पैसे देऊन मोकळं केलं, लेखात नाव नाही. तुझं दुखणं मला कळतं. कर्ट शॉर्क हा रॉयटर्सचा वार्ताहर २००० साली सिएरा लिओनमध्ये मारला गेला. त्याच्या नावाच्या पुरस्कारांत मुक्त पत्रकारांबरोबर स्थानिक वार्ताहरांसाठी वेगळा गट आहे, आणि पुढे तुझ्यासारखी वाट दाखवणाऱ्यांसाठीही एक गट आला. म्हणजे हे दुखणं जगाला कळू लागलंय. पण त्याचा राग अर्जात उतरवू नकोस. तो ज्या कोपीच्या दारातून परत फिरला, तिच्यात तू चुलीपाशी बसू शकतेस.

पुरस्कारांचं विचारलंच आहेस म्हणून सांगतो. मी चार वर्षं एका राज्यस्तरीय स्पर्धेचा परीक्षक होतो. टेबलावर सत्तर-ऐंशी कात्रणं असायची. परीक्षकासाठी लिहिलेली बातमी दुसऱ्या परिच्छेदात कळते. तिच्यात म्हातारी नेमकी योग्य जागी रडते. जर्मनीतल्या डेर श्पीगेल या साप्ताहिकाच्या क्लास रेलोटियसला असे पुरस्कार रांगेनं मिळाले. २०१८ च्या डिसेंबरात एक मोठा पुरस्कार घेतला आणि त्याच महिन्यात उघडकीला आलं की माणसं, संवाद, प्रसंग त्यानं रचले होते. त्याला पकडलं ते त्याच्याच एका सहकाऱ्यानं, हुआन मोरेनोनं. तो प्रत्यक्ष गेला आणि लेखातल्या माणसांना भेटला. परीक्षकांनी नव्हे, आम्ही टेबलावरून उठतच नाही. सहा जानेवारीला, पत्रकार दिनी, तालुक्याला शाल-श्रीफळ मिळेल ते आनंदानं घे, आईला बोलव. फक्त त्यासाठी लिहू नकोस.

इंग्रजीची भीती मात्र सोड. माझी दहा वर्षं त्या भीतीत गेली. मुंबईचं बोलावणं दोनदा आलं आणि मी जिल्ह्यातच राहिलो. लोकांना वाटतं, इंग्रजी येत नव्हतं म्हणून. तसं नाही. मला इथलीच माणसं लिहायची होती, आणि ती मी तीस वर्षं लिहिली. त्या एका पेटीतल्या पानाखेरीज मला कशाचा पश्चात्ताप नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, तेव्हा पानाच्या एका रकान्यात मराठी होतं आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी. तू तसंच कर. मराठीत लिही, पक्कं कर, मग शेजारी इंग्रजी मांडायला मी माणूस देतो. आधी इंग्रजीत विचार करून ऊसतोड लिहिलीस तर कोपीची झोपडी होईल आणि उचलीचा नुसता ॲडव्हान्स.

आता मुदतीचं. पहिली मुदत पंधरा दिवसांवर आहे म्हणून तू घाबरली आहेस. ती जाऊ दे. अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा निघतील. हंगाम गुढीपाडव्याच्या मागेपुढे आटोपेल, टोळी कोप्या मोडून गाड्या भरेल. भांडी, अंथरूण, शेळी गाडीत चढेल. मेढीवरचा कागद चढेलच असं नाही.

शनिवारी सकाळी निघ. तिकिटाचे पैसे मी पाठवतो, ते परत करायचे नाहीत. गेल्यावर लगेच फोटो काढू नकोस, आधी तिला विचार. नाही म्हणाली तर तारखा वहीत उतरवून घे, पान पान, फुली फुली, आणि कुठली फुली कशाची ते तिच्या लेकीला विचार. पोर आजारी होतं ती कोणती, तिचा स्वतःचा ताप कोणता. मुकादमाकडे त्याच दिवशी जाऊ नकोस, तिला त्रास होईल. पोचलीस की फोन कर.

तुझा,
काका