शाम्पू नंतर, आधी स्क्रेपिंग

तुमचा प्रश्न वाचला आणि आमची श्यामा आली तेव्हाची आठवली. तुमचीही शेल्टरमधून आणलेली काळी कुत्री, केस तांबूस आणि राठ, पाठीवर कोंडा, कानांच्या कडा उघड्या पडलेल्या, सारखं खाजवणं. दर आठवड्याला तेल आणि अंघोळ करूनही फरक नाही म्हणून तुम्ही विचारलंय, कोणता शाम्पू आणू, की सरळ भादरून टाकू? शाम्पूचं नाव मी सांगणार नाही. तिची कातडी कुणी तपासली का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

जंतांचं औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, लसी हे झालंय असं धरते. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचा डोस वगैरे मला विचारू नका.

आम्हाला सगळ्यात महाग पडला तो एक दवाखाना. तिथे श्यामाला टेबलावर घेतलंसुद्धा नाही. लांबूनच बघून "अ‍ॅलर्जी आहे" म्हणाले आणि इंजेक्शन दिलं. खाज थांबली, घरात सगळे खूश. काही आठवड्यांनी खाज परत, पुन्हा तेच इंजेक्शन. असं चालत राहिलं आणि केस मात्र विरळच होत गेले. पोटाची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसायच्या. पाण्याचं भांडं भरावं तेवढं रिकामं.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्किन स्क्रेपिंग केलं. खांद्यावरच्या कातडीची चिमूट दाबून धरली, बोथट ब्लेडने रक्ताचा पुसटसा ओलावा येईपर्यंत खरवडलं, ते काचपट्टीवर तेलाच्या थेंबात घेतलं आणि मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवला. लांबोडके, पुढच्या अर्ध्या भागात आखूड पाय असलेले किडे वळवळत होते. डेमोडेक्स. हे किडे थोड्या प्रमाणात निरोगी कुत्र्यांच्या कातडीतही असतात. प्रतिकारशक्ती पडली की बेसुमार वाढतात. आणि आमच्याकडे ती पाडणारं स्टेरॉइड, तेही शरीरात आठवडेच्या आठवडे टिकणारं, टोचलं जात होतं. काही मिनिटांची तपासणी, तेवढीही केली नव्हती!

त्याहून संताप पुढच्या गोष्टीचा. नेमकं कोणतं औषध, किती, शेवटचं कधी, हे नव्या डॉक्टरांना हवं होतं. चिठ्ठीवर फक्त "इंजेक्शन, खाजेसाठी". विचारायला गेलो तर काउंटरवरचे डॉक्टरांकडे पाठवत, डॉक्टर काउंटरकडे, आणि शेवटी "आम्ही रेकॉर्ड देत नाही". थायरॉइडचीही शंका होती, पण स्टेरॉइडमुळे थायरॉइडचे आकडे खोटेच खाली दिसतात. आजारी, उपाशी राहिलेल्या कुत्र्यातही तसंच होतं. म्हणून ती तपासणी लांबणीवर टाकावी लागली. माझं ठाम मत आहे, ज्या चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि डोस नाही ती घेऊन दवाखान्यातून बाहेर पडूच नका. स्टेरॉइड वाईट असं मी म्हणत नाही. खऱ्या अ‍ॅलर्जीत ते जनावराला मोठा आराम देतं. पण आधी किडे नाहीत याची खात्री हवी.

तुमच्या वर्णनातल्या कानांच्या कडांमुळे मला खरजेची जास्त शंका येते. कानाची कड बोटांत धरून चोळल्यावर ती मागचा पाय खाजवल्यासारखा हलवते का, पाहा. खरजेचे किडे स्क्रेपिंगमध्ये बरेचदा सापडत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट कोरा आला तरी चांगले डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. घरात कुणाला पुरळ आलं असेल तर तेही सांगा, खरूज आणि गजकर्ण दोन्ही माणसाला लागतात. आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. कोली जातीच्या रक्ताच्या काही कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं, आणि शेल्टरमधल्या कुत्रीचं कूळ कुणाला माहीत? हल्ली गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही गोळ्या या दोन्ही किड्यांवर चालतात, फक्त तिला कधी फीट आली असेल तर आधी सांगा. जळकं इंजिन ऑइल, रॉकेल, टी ट्री ऑइल लावायला सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ती ते चाटते.

आता रंगाचं. बाहेर आलेला केस मृत असतो, तो कशानेही पुन्हा काळा होत नाही. उन्हाने तो विटतो, चाटून लाळेने तांबूस होतो, आणि खाणं निकृष्ट असेल तर मुळातच फिका उगवतो. काळं रंगद्रव्य टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतं, त्यात तांबंही लागतं. आहारातल्या प्रथिनांचा मोठा वाटा कातडी आणि केसांवरच खर्च होतो. म्हणून आधी पूर्ण, संतुलित खाणं आणि ते बसल्यावर माशाचं तेल, थोड्यापासून सुरू करून. कॉड लिव्हर ऑइल मात्र चमचे भरभरून नको, त्यातली अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठतात. अंडं शिजवूनच. आणि हाडं दिसेपर्यंत उपाशी राहिलेलं जनावर असेल तर पहिल्या दिवसांत पोटभर वाढू नका. रक्तातलं फॉस्फरस एकदम खाली जाऊन ते दगावू शकतं.

भादरू नका. दुहेरी फर, म्हणजे वर राठ आणि आत मऊ केसांचा थर, असेल तर केस महिनोन् महिने परत येत नाहीत, आणि उघड्या कातडीला ऊन लागतं ते वेगळंच. अंगाला तेल लावणं थांबवा, त्याने मळ धरतो. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला तर तो अंगावर १० मिनिटं राहू द्यायचा, लगेच धुतला तर फुकट जातो. नवे केस यायला लागले की जुने मूठमूठ गळतात, तेव्हा घाबरू नका. केस बाजूला सारून मुळाशी बघा, तिथे काळा दिसला म्हणजे गाडी रुळावर आहे. आखूड केसांनाही तीन-चार महिने धरून चला.

डेमोडेक्स निघाला तर केस आले म्हणून औषध बंद करू नका. महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग स्वच्छ यावी लागतात. आणि तिला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर माझं वाचून त्या एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.