आधी पाळक ठरवा, प्लॉटचं नंतर बघू

तुमची पोस्ट वाचून आमच्या कमिटीच्या जुन्या बैठका आठवल्या. पाच वर्षांत सोलापूर आणि आसपास तीन नव्या मंडळ्या (म्हणजे चर्च) आणि एक परदेशात, त्यासाठी शहराबाहेर कुंभारीकडे प्लॉट घ्यावा का आणि बाहेरची मदत कशी आणावी, असं तुम्ही विचारलंय. प्रार्थना करा, सर्व्हे करा, कमिटी नेमा हे वर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते सोडतो. मी आमच्या ल्युथरन (मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या) मंडळीचा बरीच वर्षं खजिनदार होतो. वकील नाही, पाळकही (चर्चचा धर्मगुरू) नाही. कागदांबद्दल जे सांगतोय ते धर्मादायची कामं करणाऱ्या वकिलाला आणि सीएला दाखवूनच वापरा, नियम बदलत असतात.

कुंभारीचा विचार चूक नाही. गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आता रे नगरची ३०,००० घरांची योजना. विडी आणि यंत्रमागवाली आपली बरीच माणसं तिकडे राहायला गेली, त्यांना रविवारी शहरात यायचं म्हणजे रिक्षाभाडंच परवडत नाही. पण तुमच्या आराखड्यात पहिल्या पानावर प्लॉट आहे आणि पाळकाचं नाव कुठेच नाही. आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

शहराबाहेर आमची काही कुटुंबं जमायची. बहुतेक तेलुगू बोलणारी. कुणी रेल्वेच्या नोकरीमुळे आंध्रातून आलेले, बाकीचे इथल्या मागावरचे. एका घरी उपासना व्हायची, प्रभुभोजनाचा पेला आणि तबक कापडात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटावर. तो डबा क्वचितच खाली यायचा, कारण प्रभुभोजन द्यायला दीक्षा झालेला पाळक लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. ज्या संस्थेखाली आम्ही होतो तिच्या कार्यालयाचं (नाव घेत नाही, माणसं हयात आहेत) उत्तर ठरलेलं: आधी जागा संस्थेच्या नावावर करा, मग पाळक देऊ.

लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे जमवले. विडी वळणाऱ्या बायकांनी भिशीचे पैसे आणून दिले. जागा बघितली, इसार दिला. खरेदीखताच्या वेळी वकिलानं संस्थेचा शेड्यूल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद) मागितला. तो मिळवायला उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. हाती आला तेव्हा त्यावरचे निम्मे विश्वस्त देवाघरी गेलेले! विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, कलम २२ प्रमाणे. यांनी निवडणुकीमागून निवडणुका घेतल्या, हारतुरे झाले, रिपोर्ट मात्र एकदाही दाखल नाही. म्हणजे जे साहेब आम्हाला पत्रं पाठवत होते त्यांचं नाव नोंदीत नव्हतं, आणि ज्यांची नावं नोंदीत होती ते सही करायला येणार कुठून? मुदत टळली, जागामालकानं इसार ठेवून घेतला. त्याला तरी काय बोलणार. वर कार्यालयाचं पत्र आलं, “स्थानिक मंडळीचा पाठपुरावा अपुरा पडला.” ते पत्र मी अजून फाडलेलं नाही.

पैसे गेले ते गेलेच, पण त्या भानगडीत तिथली पोरं बाप्तिस्म्याशिवाय मोठी झाली. पाच-सहा घरं दुसऱ्या मंडळ्यांकडे गेली. त्यांना दोष देत नाही.

आता मला सांगा, आपण ल्युथरन म्हणवतो ते कशाच्या जोरावर? १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीचं, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्याचं, सातवं कलम स्पष्ट आहे: जिथे सुवार्ता (ख्रिस्ताचं शुभवर्तमान) शुद्ध शिकवली जाते आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) सुवार्तेप्रमाणे दिले जातात ती मंडळी. त्यात सातबारा नाही. चौदावं कलम म्हणतं की रीतसर पाचारण झालेल्या माणसाशिवाय कुणी जाहीरपणे शिकवू नये, संस्कार देऊ नयेत. ही दोन कलमं शेजारी ठेवली की नव्या मंडळीसाठी पहिला खर्च कशावर करायचा ते कळतं. आमच्या कार्यालयानं चौदावं तेवढं पाठ केलं होतं, पाळक नाही म्हणून संस्कार नाही. पाळक द्यायची जबाबदारी मात्र प्लॉटवर ढकलली.

हा रोग जुना आहे म्हणा. झिगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ हे ल्युथरन मिशनरी १७०६ साली तमिळनाडूत तरंगमबाडीला उतरले ते डेन्मार्कच्या राजानं पाठवलेले, आणि तिथल्या डॅनिश किल्लेदारानंच झिगेनबाल्गला पुढे तुरुंगात टाकलं. नंतर कोपनहेगनच्या मिशन कार्यालयातून त्यांना शिकवण की इमारती आणि शाळांवर पैसा कशाला घालता. आमच्या साहेबांचं बरोबर उलटं! पण त्या मिशनलाही पहिला भारतीय पाळक, आरोन, दीक्षित करायला १७३३ उजाडलं. सत्तावीस वर्षं. तुमचा आराखडा पाच वर्षांचा आहे, म्हणून म्हणतो, माणूस आजच हेरा. वस्तीतलाच, तेलुगू-मराठी दोन्ही बोलणारा. त्याला चेन्नईला गुरुकुल या ल्युथरन धर्मशास्त्र महाविद्यालयात किंवा पुण्यात शिकायला पाठवा, आणि तो शिकत असताना त्याच्या घरचं कोण बघणार ते ठरावात लिहा. ‘मंडळी सांभाळेल’ असं मोघम लिहाल तर कुणीच सांभाळत नाही. तोवर शहरातल्या पाळकानं महिन्यातला एक ठरलेला रविवार तिथे द्यायचा, हे लेखी घ्या. बाकीच्या रविवारी घरोघरी ल्यूथरचा लहान कॅटेकिझम (प्रश्नोत्तरांतून श्रद्धा शिकवणारी पुस्तिका) चालवा. १५२९ साली तो लिहिलाच मुळी घरातल्या कर्त्यांनी पोराबाळांना शिकवावं म्हणून.

भाषेवरून भांडणं होतील, तयारी ठेवा. आजीला तेलुगू गीत हवं, नातवाला तेलुगू वाचता येत नाही. एकाच उपासनेत सगळं दोनदा म्हणायचा प्रयोग करू नका. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली दोन तास कुणी बसत नाही. आमच्याकडे शास्त्रवाचन दोन्ही भाषांत आणि उपदेश मराठीत हे जमलं. गाणी पेटी-तबल्यावर बिनधास्त म्हणा, सातवं कलमच सांगतं की माणसांनी घातलेल्या चालीरीती सगळीकडे सारख्या असायची गरज नाही. नारायण वामन टिळकांची पदं तर तेलुगू बायकाही तोंडपाठ म्हणतात. आणि स्पीकर लावूच नका. दहाच्या नियमाचं सोडा, शेजारी बिथरला की पुढची सगळी कामं अवघड होतात.

एक कटू बोलतो, राग मानू नका. सोलापुरात आपण उशिरा आलेले. इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम आपल्या कितीतरी आधीपासूनचं, आणि त्या मंडळ्या १९७० नंतर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) या संस्थेत आहेत. त्यांची चार घरं फोडून ‘नवी मंडळी स्थापन’ असा अहवाल पाठवणं हे माझ्या मते सुवार्ताकार्य नव्हे. तुमचा तीनचा आकडा त्या वाटेनं गाठायचा असेल तर एकच करा.

परदेशाबद्दल थोडक्यात. बाहेरून पैसा घ्यायचा तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी लागते. त्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला दिसला पाहिजे, नाहीतर विशिष्ट कामासाठी पूर्वपरवानगी घ्यायची. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे ‘अमक्या संस्थेच्या खात्यातून घेऊ’ ही आयडिया डोक्यातून काढा. पाळकाच्या सेव्हिंग खात्यात तर अजिबात नको. पाहुणे टुरिस्ट व्हिसावर आले तर त्यांना बाकावर बसवा, उपदेशाला पुलपिटावर नको. इथून बाहेर पैसे पाठवणार असाल तर आयकराची सूट अडचणीत येऊ शकते, सीएला विचारल्याशिवाय ठराव करू नका. माझं ऐकाल तर परदेशातली मंडळी पहिल्या पाच वर्षांतून वगळा. आपली पोरं नोकरीला दुबई-मस्कतला आहेतच, ती तिथे ज्या मंडळीत जातात तिथल्या पाळकाशी पत्रव्यवहार ठेवा, एवढं पुरे.

प्लॉटचं शेवटी. घ्याच, पण दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढून. एकदा जमीन संस्थेच्या नावावर गेली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कलम ३६ बघा. आणि इसाराचा एक रुपयाही द्यायच्या आधी स्वतः जाऊन शेड्यूल वनचा ताजा उतारा काढा. कार्यालय देईल म्हणून थांबू नका. त्यावरची किती माणसं हयात आहेत आणि किती जण सही करायला सोलापूरला येऊ शकतात ते लिहा इथे. नावं टाकू नका, आकडा सांगा फक्त. मग पुढचं बोलू.