ऑनलाइन कोच की समोर उभा असलेला ट्रेनर: नजर कधी हवी, त्यावर ठरवा

तुमच्या प्रश्नातलं मुख्य आधी मांडते, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. चाळिशी जवळ आली आहे, काम दिवसभर बसून, वजनांचा व्यायाम कधी केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली होती, ती आता पूर्ण बरी आहे. जिममधला ट्रेनर लावला तर आठवड्यातून दोनच तास परवडतील, ऑनलाइन कोच बराच स्वस्त पडतो. यातलं काय निवडावं, आणि स्मार्टवॉच लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी जिममध्ये समोरासमोर शिकवलं आहे आणि आता बरंचसं काम दुरून करते. दोन्हीकडे माणसं चांगली तयार होताना पाहिली आहेत आणि दोन्हीकडे महिनोन्‌महिने एकाच जागी अडकलेलीही पाहिली आहेत. तुमच्यासाठी माझा सल्ला असा: सुरुवात समोरच्या ट्रेनरकडे करा, पण ती ठरावीक मुदतीची असू द्या. आठ-दहा आठवड्यांनी ऑनलाइन कोचकडे वळा. असं का, ते नीट सांगते, कारण कारणं पटली तर दोन्ही ठिकाणी काय मागायचं हे तुम्हालाच कळेल.

‘ऑनलाइन’ म्हटलं की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतात. एक म्हणजे ॲप: ठरलेला प्रोग्राम, व्हिडिओ, रोजची आठवण. दुसरं म्हणजे व्हिडिओ कॉलवरचं सत्र, ज्यात कोच त्या वेळी तुम्हाला पाहत असतो. तिसरं म्हणजे खरं दुरून केलेलं कोचिंग: तो प्रोग्राम लिहितो, तुम्ही आपल्या वेळेला व्यायाम करता, नोंदी आणि व्हिडिओ पाठवता, तो ते पाहून पुढचा आठवडा बदलतो. पहिल्या प्रकारात तुम्हाला कुणीच पाहत नाही. त्याचा उपयोग नाही असं नाही, पण त्याची तुलना ट्रेनरशी करू नये. खाली मी ‘ऑनलाइन’ म्हणेन तेव्हा तिसरा प्रकार समजा.

आता समोरचा ट्रेनर नेमकं काय देतो ते पाहू. बहुतेक जण म्हणतील, फॉर्म (व्यायाम करायची पद्धत) सुधारतो. ते खरंच आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो वजन निवडून देतो. नवखा माणूस स्वतः वजन निवडतो तेव्हा फार हलकं निवडतो. 2004 साली ग्लास आणि स्टँटन यांनी नवख्या स्त्री-पुरुषांना आपल्या मनाने वजन घ्यायला सांगितलं, तर त्यांनी कमाल क्षमतेच्या (जेमतेम एकदाच उचलता येईल त्या वजनाच्या) 42 ते 57 टक्क्यांच्या दरम्यानचं वजन घेतलं. ताकद नीट वाढायला सहसा यापेक्षा जास्त लागतं. सन 2000 चा मॅझेटी आणि सहकाऱ्यांचा अभ्यासही याच दिशेचा आहे. थोडाफार सराव असलेल्या 20 पुरुषांना 12 आठवडे एकच प्रोग्राम दिला. काहींच्या शेजारी ट्रेनर उभा होता, काहींनी तोच प्रोग्राम एकट्याने केला. ताकद दोघांचीही वाढली, पण देखरेखीखालच्या गटाची जास्त, कारण त्यांनी वजनं भराभर वाढवत नेली. कागदावरचा प्रोग्राम अगदी सारखा होता. शेजारी उभा असलेला माणूस ‘अजून थोडं घ्या, जमेल’ म्हणाला, एवढाच फरक.

याशिवाय काही गोष्टी कॅमेऱ्यात येत नाहीत. तुम्ही श्वास कुठे रोखता, चेहरा कधी पडतो, कुठल्या व्यायामाला मन घाबरतं. समोरचा माणूस ते पाहून त्याच क्षणी व्यायाम बदलतो, पाठीला हात लावून ‘इथून वाका’ असं दाखवतो, बेंचवर बार अडकला तर उचलतो. तुमच्या बाबतीत कंबरेमुळे हे विशेष महत्त्वाचं आहे. एकदा दुखलेल्या माणसाला बरं झाल्यावरही वाकायची भीती असते, आणि ती भीती समोर कुणीतरी धीर देत असताना फार लवकर जाते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की या मुद्द्यावर मी कुणाशी तडजोड करत नाही.

मग कायमच ट्रेनर का नको? कारण सतत मिळणारी दुरुस्ती शिकण्याच्या आड येते. हालचाली कशा शिकल्या जातात यावर काम करणाऱ्यांनी हे बरंच आधी दाखवलं आहे. विन्स्टाइन आणि श्मिट यांच्या 1990 च्या प्रयोगांत ज्यांना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, त्यांच्यापेक्षा ज्यांना निम्म्या प्रयत्नांनंतरच सांगितला त्यांनी ती हालचाल पुढे जास्त चांगली लक्षात ठेवली. माणूस बाहेरच्या आवाजावर टेकतो आणि स्वतःच्या शरीराकडून येणारी खबर ऐकायचं सोडतो. सायकल शिकवताना मागून धरलेला हात कधीतरी सोडावाच लागतो, तसं आहे हे. जिममध्ये वर्षानुवर्षं ट्रेनरसोबत व्यायाम करणारी आणि तो सुट्टीवर गेला की स्वतः वॉर्मअपसुद्धा ठरवू न शकणारी माणसं मला भेटतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी ते शिकवलंच नाही.

म्हणून ट्रेनरला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: ‘मला आठ-दहा आठवड्यांत एकट्याने व्यायाम करता आला पाहिजे.’ चांगला ट्रेनर हे ऐकून खूश होईल. नाराज झाला तर दुसरा शोधा. या काळात पाच हालचाली पक्क्या करून घ्या: गुडघ्यातून बसणं म्हणजे स्क्वॉट, कंबरेऐवजी नितंबातून वाकून वजन उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वजन हातात धरून चालणं. बाकीचे बहुतेक व्यायाम यांचीच रूपं आहेत. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्याला सांगा की सेट (न थांबता सलग केलेली आवर्तनं) चालू असताना काही बोलू नका, सेट संपल्यावर आधी मला विचारा की काय चुकलं असं वाटतं, मग तुमचं सांगा.

आणखी एक कौशल्य याच काळात शिकायचं, ज्याशिवाय ऑनलाइन कोचिंग जवळजवळ निरुपयोगी आहे. सेट संपल्यावर ‘अजून किती रेप्स (म्हणजे आवर्तनं) नीट झाल्या असत्या’ हे खरं-खरं सांगता येणं. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी श्रम किती वाटले ते सांगायला 6 ते 20 अशी मोजपट्टी केली होती. वजनांच्या व्यायामात आता बरेच कोच त्याऐवजी शिल्लक रेप्स विचारतात. नवखा माणूस ‘आता एकही होणार नाही’ म्हणतो आणि प्रत्यक्षात अजून पाच होतात. ट्रेनर शेजारी असताना, सुरक्षित व्यायामांत, अधूनमधून सेट खरंच शेवटपर्यंत नेऊन पाहा. अंदाज किती चुकतो ते तिथेच कळतं. दुरून बघणाऱ्या कोचला तुमचा हा आकडाच वाचायचा असतो. तो चुकीचा असेल तर त्याचा पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता ऑनलाइनची खरी ताकद. आठवड्यात 168 तास असतात, त्यातले दोन ट्रेनरच्या नजरेखाली. बाकीच्या 166 तासांत झोप कशी झाली, कामाचा ताण किती, किती वेळ खुर्चीत गेला, हे तो फार तर गप्पांतून जाणतो. चांगला ऑनलाइन कोच याच तासांवर काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. तुमच्या दोन तासांनी त्यातला दुसरा भाग भागतो. पहिला उरतोच, आणि तो चालण्यातून, जिन्यातून, सुट्टीच्या दिवसातून मिळवावा लागतो. त्यासाठी शेजारी माणूस उभा असण्याची गरज नाही. रोज कुणीतरी विचारणारं हवं. (मध्यम श्रम ओळखायची सोपी खूण: बोलता येतं, पण गाता येत नाही.)

शिवाय लेखी नोंद राहते. तीन महिन्यांपूर्वीचा तुमचा स्क्वॉट आणि आजचा, दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून पाहता येतात. समोरच्या ट्रेनरची स्मरणशक्ती कितीही चांगली असली तरी तिला ही सर नाही. आणि ज्यांना जिममध्ये चार लोकांसमोर व्यायाम करायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी घरची खोली हीच पहिली पायरी असते. वजन जास्त असलेली, वय झालेली, पूर्वी कुणीतरी हसलेलं आठवणारी माणसं घरी मोकळेपणाने प्रयत्न करतात. त्यांना ‘आधी जिमला जा’ म्हणणं मला क्रूर वाटतं. त्यांनी व्हिडिओ कॉलवरच्या सत्रांनी सुरुवात करावी.

व्हिडिओ पाठवण्याबद्दल थोडं, कारण इथे बहुतेकांचे श्रम वाया जातात. फोन जमिनीवर टेकवून खालून वर काढलेला व्हिडिओ कामाचा नसतो, त्यात पाठ कुठे वाकते ते दिसत नाही. फोन साधारण कंबरेच्या उंचीवर ठेवा. वाकून उचलायच्या व्यायामांना अगदी बाजूने, स्क्वॉटला समोरून तिरका. डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसलं पाहिजे. सर्वांत जड सेट पाठवा, सर्वांत सुंदर नव्हे, आणि मधूनच कापू नका. शेवटच्या दोन रेप्समध्ये हालचाल किती मंदावते हेच कोचला पाहायचं असतं. सोबत एक ओळ लिहा: वजन, रेप्स, शिल्लक किती वाटल्या, कुठे काही खटकलं का.

कोच निवडताना प्रमाणपत्र जरूर विचारा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन किंवा नॅशनल स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग असोसिएशन यांसारख्या संस्था परीक्षा घेतात आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) प्रशिक्षणही आवश्यक ठरवतात. पण मला जास्त माहिती दोन प्रश्नांतून मिळते. ‘माझा एक आठवडा पूर्ण बुडाला तर पुढच्या आठवड्यात काय बदलाल?’ आणि ‘माझे व्हिडिओ तुम्ही स्वतः पाहता की दुसरं कुणी?’ पहिल्याला ‘जिथे थांबलात तिथून पुढे चला’ एवढंच उत्तर आलं तर तो तयार फाइल विकतो आहे. ज्याने तुमच्या कंबरेबद्दल, औषधांबद्दल, झोपेबद्दल काही न विचारता प्रोग्राम पाठवला, त्याला नमस्कार करून पुढे जा. आहाराचा तक्ता देऊ लागला आणि तुम्हाला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आहारतज्ज्ञाकडेच जा.

कंबरेबद्दल एक गोष्ट कुठल्याही माध्यमाला लागू आहे. दुखण्याचं निदान ट्रेनरचं काम नाही, समोरच्याचंही नाही आणि दूरच्याचंही नाही. सुरू करण्याआधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा आणि त्यांनी काही मर्यादा सांगितल्या तर लिहून घ्या. व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकणं नेहमीचं आहे. पायात कळ जाणं, बधिरपणा, पायाची ताकद कमी होणं हे नेहमीचं नाही, लगेच दाखवा. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर थेट रुग्णालय गाठा. तसंच, फार जोरकस व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू खूप सुजले-दुखले तरीही वाट न पाहता रुग्णालय गाठा. दूरचा कोच यातलं काही पाहू शकत नाही, म्हणून हे तुम्हाला माहीत असायला हवं.

स्मार्टवॉचचं. हातात असेल तर वापरा, नसेल तर यासाठी घेऊ नका. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. त्यातल्या सहांनी हृदयाचे ठोके 5 टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरी एकालाही नीट मोजता आल्या नाहीत. सर्वांत अचूक उपकरणसुद्धा सरासरी 27 टक्के चुकलं. 2016 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला दोन वर्षांचा अभ्यास आणखी विचार करायला लावतो. 18 ते 35 वयाच्या 471 जणांत, वजन कमी करण्याच्या कार्यक्रमासोबत ज्यांना अंगावर घालायचं उपकरण दिलं, त्यांचं वजन सरासरी 3.5 किलो घटलं, आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं 5.9 किलो. म्हणून घड्याळातले ठोके आणि चालणं कोचला पाठवा. त्यातल्या कॅलरी बघून जेवण वाढवू नका आणि कमीही करू नका. तुमचा कोच याच आकड्यावरून आहार ठरवू लागला तर त्याला हे दोन अभ्यास दाखवा आणि तो काय म्हणतो ते इथे येऊन सांगा, पुढचं आपण मिळून बघू.